कांदेपोहे, पण पोराचे

परवा न्यू जर्सीहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. आवाजातच पेढे होते.

"ताई, अगं एका कॉलेजच्या बास्केटबॉल कोचचा ईमेल आलाय आमच्याकडे! तुझा खेळ बघितला, आवडला, एकदा कॉलेज बघून जा म्हणतोय. आता स्कॉलरशिप मिळेल ना गं?"

"डिव्हिजन कुठली?" मी विचारलं.

"थ्री म्हणे. म्हणजे तिसरा नंबर ना?"

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. अर्धा तास बोललो आम्ही, पण जे सांगायचं होतं त्यातलं निम्मं राहूनच गेलं. आमच्या घरात हे प्रकरण २०२० ते २०२५ अशी चांगली पाच वर्षं चाललं. म्हटलं, ब्लॉगवर लिहूनच टाकावं. तिच्यासाठी, आणि उद्या ज्यांच्या घरी असा ईमेल येईल त्यांच्यासाठीही. (बाकीच्यांना कंटाळा आला तर खुशाल सोडून द्या. पुढची पोस्ट नेहमीसारखी खाण्यापिण्याची असेल.)

तर आधी हे 'थ्री' म्हणजे काय ते. इथल्या कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिने १९७३ मध्ये कॉलेजांचे तीन गट केले. मार्च महिन्यात टीव्हीवर ज्यांचा दंगा चालतो ती मोठी युनिव्हर्सिटीवाली मंडळी पहिल्या गटात. दुसरा गट मधला. आणि तिसरा गट सगळ्यात मोठा, चारशेहून जास्त कॉलेजांचा. यातली बरीचशी छोटी, खाजगी, हजार-दोन हजार मुलांची. आमच्या एकट्या ओहायोत अशी वीसेक आहेत. या तिसऱ्या गटाचा मुख्य नियम असा, की खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही. एक डॉलरसुद्धा नाही. जे पैसे मिळतील ते मार्कांवर आणि आईबापांच्या मिळकतीवर. कोचला तुमचं पोरगं कितीही आवडलं, तरी फीच्या बाबतीत त्याचे हात बांधलेले.

हे ऐकून बहीण एकदम गप्प झाली. "मग उपयोग काय?" असं तिने विचारलं नाही, पण मला ऐकू आलं. कारण २०२० मध्ये मीही हेच विचारलं होतं.

आमच्या चिरंजीवांची शाळा २०२१ मध्ये संपायची होती. म्हणजे ज्या उन्हाळ्यात कोच लोक गावोगावच्या स्पर्धांना खुर्च्या टाकून बसतात आणि पोरं हेरतात, तो त्याचा उन्हाळा नेमका २०२०चा! स्पर्धा बंद, जिम बंद. घरापुढच्या बास्केटवर चेंडू आपटायचा तेवढा उरला होता. मग त्याने शाळेच्या सामन्यांचे तुकडे जोडून चार मिनिटांचा व्हिडिओ केला आणि चाळीस-पन्नास कोचना पाठवला. सोबत एक कागद: उंची, वजन, मार्क, परीक्षेचे गुण, शाळेच्या कोचचा फोन नंबर.

तो कागद बघितला आणि मला हसूच फुटलं. अहो, हा तर बायोडेटा! १९९४ साली सांगलीत माझ्या बाबांनी टाइप करून घेतला होता तसाच. फक्त रास, नाडी, गण तेवढे नव्हते. आणि माझ्या वेळी जसा पहिला प्रश्न "मुलीची उंची किती?" असायचा, तसाच इथेही. सहा फूट एक इंच. आपल्याकडे ताडमाड म्हणतील. इथे कोच म्हणतात, "अच्छा, म्हणजे गार्ड."

पुढचं सगळं अगदी कांदेपोह्यांच्या वळणाने गेलं. आधी पत्रिका, म्हणजे मार्कांचा कागद मागवून घेतात. काही कोच तो ॲडमिशनच्या ऑफिसला आगाऊ दाखवून आणतात, जमण्यासारखं असेल तरच पुढे बोलतात. मग स्क्रीनवर बघण्याचा कार्यक्रम. पोरगा शर्ट घालून बसलेला, खाली हाफ पँट. आम्ही दोघं कॅमेऱ्याबाहेर श्वास रोखून. "फावल्या वेळात काय करतोस?" आणि शेवटी तेच ते वाक्य. "आम्हाला तू फार आवडलास. कळवतो."

कळवतो! या शब्दाचा अर्थ मला सांगू नका. साताऱ्याच्या एका स्थळाने १९९४ मध्ये "कळवतो" म्हटलंय, मी अजून वाट बघतेय. (नवरा हे वाचतो, म्हणून: गंमत करतेय.)

त्याला मात्र हे समजेना. सतरा वर्षांचा मुलगा. "आवडलास" म्हणजे आवडलोच, असं त्याचं सरळ गणित. तीन आठवडे फोन उशाशी घेऊन झोपायचा. मी त्याला सांगायचे, अरे, त्या कोचला पुढच्या वर्षी चार मुलं हवी असतील, तर तो चाळीस जणांना "आवडलास" म्हणत असेल. त्याच्याही हातात काही नाही. एक मोठ्या युनिव्हर्सिटीत जाईल, दुसऱ्याला फी परवडणार नाही, तिसऱ्याला त्याची मैत्रीण जिथे जाईल तिथे जायचं असेल. तोही बिचारा वाटच बघत असतो.

आणि त्या वर्षी रांग भलतीच लांब होती. २०२०-२१ चा मोसम कुणाच्याच खात्यात धरायचा नाही, असं एनसीएएने ठरवलं होतं. म्हणजे जी मुलं पदवी घेऊन जायची, त्यांना एक वर्ष जादा खेळायला मुभा. त्यात एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या गटातल्या मुलांना एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर न बसता लगेच खेळायची परवानगी मिळाली. मग वरचे कोच म्हणू लागले, अठरा वर्षांचं कच्चं पोर कशाला, बावीस वर्षांचा तयार गडी घेऊ. वरच्या मजल्यावर जागा मिळाली नाही ती पोरं मधल्या मजल्यावर, मधली तळमजल्यावर. सगळी गळती झिरपत झिरपत आमच्यापर्यंत आली.

तरी एका कॉलेजने खरंच कळवलं. घरापासून गाडीने दोन तास. जूनमध्ये आम्ही बघायला गेलो, तेव्हा एका जुन्या खेळाडूचे वडील तिथे भेटले. ते म्हणाले, "निवड करण्याआधी एकच विचार करा. पहिल्याच दिवशी याचा पाय मोडला, तर चार वर्षं इथे राहायला त्याला आवडेल का?" मला तर बाई रागच आला. शुभकार्याच्या वेळी हे काय बोलणं! नंतर कळलं, इथे ही सगळेच सांगतात अशी जुनी कसोटी आहे.

फीचं म्हणाल तर छापील आकडा वाचून नवऱ्याने चष्मा पुसला. पण खाजगी कॉलेजांचा छापील आकडा म्हणजे लक्ष्मी रोडवरच्या दुकानातली 'मूळ किंमत'. प्रत्यक्षात सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते. चिरंजीवांना मार्कांवर बऱ्यापैकी सूट मिळाली. पत्रावर स्पष्ट लिहिलं होतं: ही रक्कम अभ्यासासाठी. चेंडूचा उल्लेखही नाही. मला तेव्हा थोडं वाईटच वाटलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच ऑगस्टमध्ये, २०२१ च्या, डंकन रॉबिन्सनची बातमी आली. हा मुलगा विल्यम्स नावाच्या छोट्या, तिसऱ्या गटातल्या कॉलेजात एक वर्ष खेळला, २०१४ मध्ये त्यांची टीम फायनलला जाऊन दोन गुणांनी हरली, मग तो मिशिगनला गेला, पुढे एनबीएत. आणि आता मायामीने त्याच्याशी पाच वर्षांचा नऊ कोटी डॉलरचा करार केला होता. आमच्या मंडळाच्या गणपतीत तीन काकांनी चिरंजीवांना ही बातमी वेगवेगळी सांगितली. छोट्या कॉलेजच्या प्रत्येक पोराला ही गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच. किती जणांनी असं केलं, ते कुणी सांगत नाही.

मग सुरू झाला रोस्टरचा खेळ. रोस्टर म्हणजे टीमची यादी. आमच्या टीममध्ये बावीस मुलं होती. आता हिशोब बघा. सामना चाळीस मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण. म्हणजे वाटायला एकूण दोनशे मिनिटं. त्यातली बहुतेक पहिल्या आठ जणांत संपतात. उरलेली चौदा मुलं रोज दोन तास घाम गाळतात, बसमध्ये बसतात, बाकावर उभं राहून टाळ्या वाजवतात. (अपवाद आहे. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचे कोच पाचच्या पाच पोरं दर मिनिटा-दीड मिनिटाला बदलायचे. त्यांच्याच जॅक टेलरने २०१२ मध्ये एका सामन्यात १३८ गुण केले होते. "याला तिकडेच धाडायला हवं होतं," असं नवरा दर शनिवारी म्हणायचा.)

मग इतकी मुलं घेतात कशाला? मला हे दोन वर्षांनी उमगलं. छोटी कॉलेजं फीवर चालतात, आणि अठरा वर्षांची मुलं आता पूर्वीइतकी येत नाहीत. खेळायला मिळेल म्हणून आलेला प्रत्येक मुलगा हा फी भरणारा विद्यार्थीही असतो. कोच लबाड असतो असं नाही. पण त्याच्या यादीत दोन याद्या मिसळलेल्या असतात.

पहिलं वर्ष त्याने बाकावर काढलं. पहिल्या वर्षाचे आठ जण होते, त्यातले दोघंच खेळायचे. आम्ही मात्र घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही. सामना संपला की पालक डबे उघडतात, दोन्ही टीमची पोरं जेवतात. मी चिवडा आणि बटाटेवडे न्यायचे. आणि खरी मैफल पालकांची. कोण या वर्षी जाणार, कोण जादा वर्ष घेणार, कुणाचे मार्क घसरलेत, इंडियानाहून कोण पोरगा बघायला आला होता, तो किती उंच. मंडईत उभं राहून टोमॅटोचा भाव करावा तसं आम्ही पोरांबद्दल बोलायचो. मी तर सगळ्यात पुढे. माझ्या पर्समध्ये यादी असायची, आणि पेन्सिल.

आता जे लिहिणार आहे ते कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

डिसेंबर २०२२. दुसरं वर्ष. आमच्या टीममध्ये एक तिसऱ्या वर्षाचा गार्ड होता, चिरंजीवांच्याच जागेवर खेळणारा, फार चांगला. त्याची आई दर सामन्याला ब्राउनीचा मोठा डबा आणायची आणि माझ्यासाठी अंडं न घातलेल्या दोन वेगळ्या काढून ठेवायची. एका संध्याकाळी लेकाचा फोन आला. "आई, आज प्रॅक्टिसमध्ये तो पडला. गुडघ्याचं लिगामेंट गेलं बहुतेक. या सीझनला खेळणार नाही."

मी तोंडाने "अरेरे" म्हटलं. आणि मनातली पेन्सिल चालू झाली. एक कमी. म्हणजे आता पुढे दोघंच. आणि मी विचारलंसुद्धा, "मग शनिवारी कोण खेळणार त्याच्या जागी?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तो म्हणाला, "आई, तो ओरडत होता गं."

फोन ठेवल्यावर मी सिंकपाशी उभी राहिले. नळ चालू होता, भांडी तशीच होती. कुणाच्या तरी मुलाचा गुडघा मोडला, आणि मला बरं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं होतं. लहानपणी आजी म्हणायची, दुसऱ्याच्या दुःखावर आपली चूल पेटवू नये. मी ती पेटवून वर भाताचं आधणही ठेवलं होतं.

त्या शनिवारी चिरंजीव अकरा मिनिटं खेळले. कॉलेजात आल्यापासूनची पहिली खरी मिनिटं. ज्यासाठी मी दीड वर्ष देव पाण्यात ठेवले होते, ते समोर चाललं होतं आणि मला धड बघवत नव्हतं. कारण दोन रांगा खाली ती बसली होती. मुलगा शेजारी, कुबड्या बाकाला टेकवलेल्या. चिरंजीव मैदानात उतरले तेव्हा ती उभी राहून टाळ्या वाजवत होती. सामन्यानंतर तिने मला मिठी मारली. "किती दिवस वाट बघत होता गं तो. मला फार बरं वाटलं." आणि डब्यातून दोन वेगळ्या ब्राउनी काढून दिल्या.

त्या दिवसापासून मी पर्समधली यादी काढून टाकली. लगेच सुधारले असं नाही, सवय जात नाही. पण पेन्सिल चालायला लागली की त्या ब्राउनी आठवायच्या.

पुढच्या वर्षी तो मुलगा गुडघ्याला पट्टा बांधून परत आला आणि अर्थातच आपली जागा त्याने परत घेतली. पहिल्या सामन्यात मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा जरा जोर लावूनच वाजवाव्या लागल्या, खोटं कशाला बोलू. मग आपोआप वाजायला लागल्या. दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेला आणखी एक गार्डही त्या वर्षी होता. चिरंजीव पुन्हा बाकावर.

एप्रिल २०२४ मध्ये कोचने प्रत्येकाला बोलावून घेतलं. पद्धतच आहे ती. त्याला सरळ सांगितलं, पुढच्या वर्षी चार नवीन गार्ड येतायत, तुला राहायचं तर राहा, पण मिनिटांचं वचन देत नाही. बरा वाटला मला तो माणूस. निदान "कळवतो" म्हणाला नाही.

दोन आठवड्यांनी लेकाचा फोन. "मी पुढच्या वर्षी खेळणार नाहीये."

माझ्या तोंडून काय निघावं? "मग इतकी वर्षं कशाला केलं हे सगळं?" वाक्य संपायच्या आत वाटलं, परत घ्यावं. नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला एवढंच विचारलं, "कॉलेज बदलायचंय?"

"नाही बाबा. कॉलेज आवडतंय. लॅबचं काम अर्ध्यावर आहे. फक्त रोज संध्याकाळी तिथे जाऊन आपण नकोय हे बघायचा कंटाळा आलाय."

रात्री आम्ही दोघं हिशोब करत बसलो. आणि तेव्हा ते पत्र आठवलं. ही रक्कम अभ्यासासाठी. त्याने खेळ सोडला म्हणून फीमधला एक डॉलरही वाढणार नव्हता. कुणाची परवानगी नको, कुणाचं देणं नाही. जिथे खेळासाठी पैसे मिळतात, तिथे खेळ सोडताना पोराला आधी आईबापांच्या खिशाचा विचार करावा लागतो. ज्या गोष्टीचं मला २०२१ मध्ये वाईट वाटलं होतं, तिच्यामुळेच माझा मुलगा वीस वर्षांचा असताना "आता पुरे" म्हणू शकला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कॉलेजात, त्याच खोलीत, त्याच मित्रांबरोबर उठला. पाय मोडला नव्हता, पण कसोटी तीच होती. आणि त्या खवचट काकांचं बरोबर होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोपाचा सामना होता. आईबापांचा हात धरून पोरं मैदानात चालत येतात, फुलं देतात. त्याच्याबरोबर आलेल्या आठांपैकी तिघं उरले होते. आमचं तिथे काही काम नव्हतं, तरी गेलो. चिवडा घेऊनच गेलो. चिरंजीव विद्यार्थ्यांच्या घोळक्यात उभे राहून घसा फोडून ओरडत होते. बाकावर असताना मी त्याला इतकं मोकळं हसताना कधी बघितलं नव्हतं.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मुलगा पहिल्या वर्षाला. मांडीवर यादी, हातात पेन. "हे तिघं जाणार," त्या स्वतःशीच म्हणत होत्या, "म्हणजे गार्डमध्ये राहिले..." मी त्यांना काही शिकवायला गेले नाही. मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? चिवड्याचा डबा पुढे केला आणि विचारलं, "तुमचा कुठला?" त्यांनी बाकाच्या टोकाला उभ्या असलेल्या एका मुलाकडे बोट दाखवलं. जोरजोरात टाळ्या वाजवत होता.

तर बाई मावसबहिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. स्कॉलरशिप मिळणार नाही. त्याबद्दल हळहळू नकोस. कोचला तीन गोष्टी नीट विचार: या जागेवर आणखी किती जण आहेत, या वर्षी आणखी किती घेताय, आणि चार वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी आज किती उरलेत. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर समजून घे. मग पोराला घेऊन कॉलेज बघून ये, पण जिमच्या आधी लायब्ररी, लॅब आणि मेस बघा. खेळ नसता तर तू इथे आला असतास का, हे त्यालाच विचार, आणि तो उत्तर देईल तेव्हा मध्ये बोलू नकोस.

आणि सामन्याला जाशील तेव्हा डबा भरपूर ने. यादी घरी ठेव.

असो. पुढच्या वेळी बटाटेवड्यांची रेसिपी. नक्की.